दोन दारांमधली जागा

आमच्या ताईला संगीतातलं काय कळतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, सुरुवात कळते आणि शेवट कळतो. मधलं तिला कधी नीट ऐकूच आलं नाही. आणि हे कुणाबद्दल बोलतेय मी? संगीत महाविद्यालयाच्या सभागृहात जिने उभा जन्म काढला तिच्याबद्दल. तिथे प्राचार्य आले नि गेले, वादक आले नि गेले, पियानोसुद्धा जुना जाऊन नवा आला. ताई मात्र आपली दारात.

दारात म्हणजे नेमकं कुठे, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. त्या सभागृहाला एकामागे एक अशी दोन दारं आहेत. बाहेरचं दार दर्शनी दालनात उघडतं, जिथे तिकिटाची खिडकी आहे. आतलं दार थेट सभागृहात. मधे दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढीच जागा, काळोखी, भिंतींना जाड कापड ठोकलेलं. बाहेरचा गलका आत जाऊ नये म्हणून केलेली सोय. ताईचं स्टूल तिथे. कार्यक्रम सुरू झाला की बाहेरचं दार लावायचं, आतलं लावायचं आणि मधे बसून राहायचं. आतलं वाजवणं तिथवर पोचायचं ते शेजारच्या घरातलं भांडण आपल्यापर्यंत पोचतं तसं. कुणीतरी पेटलंय एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही.

मी तिची धाकटी बहीण. माझं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे, चेन बसवणं, उंची कमी करणं, असली कामं. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणसं कळतात, आणि ताईचं काय चुकत गेलं ते मी जवळून पाहिलं आहे. तिच्यावर जीव आहे माझा, आणि तिचा रागही तेवढाच येतो. दोन्ही एकदमच येतं, त्याला मी काय करू?

सभागृह बांधलं तेव्हा जे प्राचार्य होते त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. नियम त्यांचा. पहिला सूर लागला की दार बंद, मग ती रचना संपेपर्यंत कुणासाठी म्हणून उघडायचं नाही. ताई नवी नवी कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. एकदा मोठे सर स्वतःच फोनवर अडकले आणि उशिरा आले. बाहेरच्या दाराला वाटीएवढी गोल काच आहे. ताईने त्या काचेतून बघितलं, सरांना ओळखलं, आणि मान हलवली. नाही म्हणून. सर बाहेरच उभे राहिले. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला घाम फुटला, म्हणाला, हिची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत ताईशी हात मिळवला आणि म्हणाले, "आज या सभागृहाला खरं दार मिळालं."

त्या दिवशी ताई घरी आली ती हवेत तरंगतच. आमची आई लवकर गेली, आणि बाबा म्हणजे चांगलं म्हणायचं झालं की तोंडात मूग गिळून बसणारे. जन्मात कुणी तिला शाबास म्हटलं नव्हतं. ते एकदा म्हटलं गेलं, तेही दार न उघडल्याबद्दल. मग काय! विद्यार्थ्यांनी तिचं नाव कडीबाई पाडलं. दुसरी कुणी असती तर चिडली असती. ही मला येऊन सांगायची, "मला कडीबाई म्हणतात गं," आणि हसायची.

भाऊजी म्हणजे तिचे यजमान, छापखान्यात मशीनवर होते. देवमाणूस. नखांत कायम शाई आणि तोंडात कायम काहीतरी थट्टा. त्यांना एकच मुलगी, चिमी. शाळा सुटली की चिमी ताईजवळ सभागृहाच्या दालनात येऊन बसायची. तिथल्या एका शिक्षिकेने गंमत म्हणून तिच्या हातात छोटं व्हायोलिन दिलं, आणि पोरीने ते सोडलंच नाही. भाऊजी तिला सायकलवर मागे बसवून शिकवणीला न्यायचे, व्हायोलिनची पेटी स्वतःच्या खांद्याला अडकवून. संध्याकाळी ती सराव करायची तेव्हा समोर बसायचे. म्हणायचे, "वाजव गं बिनधास्त. मला झोप लागली तर समज, छान वाजलं." आणि खरंच डुलक्या घ्यायचे. चिमी चिडायची, पायाने त्यांना ढोसायची, पण ते समोर नसले की तिचा हातच चालायचा नाही.

मग एकदाचा तिचा त्या मंचावर एकटीने वाजवायचा दिवस आला. भाऊजींनी आठवडाभर आधीपासून छापखान्यात सगळ्यांचे कान किटवले होते. त्यांच्यासाठी तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. मी कुठे होते म्हणाल, तर माझा मुलगा तापाने फणफणलेला, मी घरी. आणि नेमकी त्याच दिवशी छापखान्यातली मशीन अडकली. अडकलेली मशीन टाकून कसे येणार? ते तसेच शाईच्या हातांनी धावत आले, तर चिमीचा पहिला सूर नुकताच लागला होता.

ताईने काचेतून बघितलं. समोर स्वतःचा नवरा, धापा टाकतोय. तिने मान हलवली.

भाऊजी दाराला कान लावून उभे राहिले. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने मला नंतर सांगितलं, "तुमच्या भाऊजींना खुर्ची देत होतो मी, पण ते हलायलाच तयार नाहीत." दोन जाड दारांपलीकडचं काय ऐकू येणार? टाळ्या ऐकू आल्या. दार उघडलं तेव्हा चिमी वाकून नमस्कार करून आत निघून गेली होती. वाजवताना तिला दिसली ती रिकामी खुर्ची.

हेसुद्धा निभावलं असतं हो! भाऊजी घरी आल्यावर म्हणाले, "मशीनने दगा दिला गं, पोचलोच नाही." म्हणजे त्यांनी झाकून घेतलं होतं. पण आमच्या ताईला कुठे राहवतंय! ताठ मानेने म्हणाली, "आले होते. मीच नाही सोडलं. नियम सगळ्यांना सारखा." तिला वाटलं, मुलीला अभिमान वाटेल. चिमीने पेटी खाली ठेवली आणि आईकडे बघत राहिली. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हाही घरात हूं की चूं नव्हतं.

पुढच्याच वर्षी भाऊजींनी अंथरूण धरलं. छाती भरायची. त्यातून ते उठलेच नाहीत. मुलीचं वाजवणं त्या मंचावर ऐकायचं राहिलं ते राहिलंच. ते गेले त्या दिवशी चिमी माझ्या गळ्यात पडून रडली, आईजवळ गेली नाही. मग ती दुसऱ्या शहरात गेली, तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवायला लागली, नाव काढलं. फोन करायची तो मला. आईला केला तर, "बरी आहेस ना? औषधं घे. ठेवते." बस्स. घरी म्हणून राहायला आली नाही.

मी एकदा ताईशी कडाकडा भांडले. म्हटलं, "अगं, आत नाही तर नाही, निदान त्या मधल्या जागेत तरी घ्यायचंस त्यांना! नवरा ना तुझा?"

"बाहेरचं दार उघडलं की आतल्या दाराच्या फटीतून उजेड जातो," ती म्हणाली.

"मग जाऊ दे की! आग लागणार होती का?"

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तुला नाही कळायचं." आणि भांडी घासायला निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिची पाठ बघितली आणि पुढे बोलवेना. ती घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती.

ताई निवृत्त झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सभागृहाचा सुवर्णमहोत्सव ठरला. सगळीकडे रंगरंगोटी सुरू झाली. नामवंत माजी विद्यार्थी येऊन वाजवणार होते, त्यात आमची चिमी. तिचा मला फोन आला.

"मावशी, मी तेच वाजवणार आहे. बाबा बाहेर राहिले होते तेव्हाचं. तिसऱ्या रांगेत तीन खुर्च्या मागून घेतल्यात. एक तुझी, एक आईची, एक बाबांची. बाबांची रिकामीच ठेवायची. आईला आत बसव. मला तिला खुर्चीत बसलेली बघायचंय, दारात नाही. एवढं झालं ना, तर कार्यक्रम संपल्यावर मी घरी येईन. चार दिवस राहीन."

"आणि नाही झालं तर?" मी उगाच विचारलं. मला मेलीला नसते प्रश्न विचारायची सवयच आहे.

"नाही झालं तर मला कळेल, मावशी," ती म्हणाली. "मग मी परत विचारणार नाही."

हे सगळं मी ताईला शब्द न् शब्द सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उठून चिमीची खोली झाडायला लागली. गादी उन्हात घातली, उशीला नवा अभ्रा मागितला, तो मी शिवून दिला. ताईसाठी राखाडी रंगाची शाल आणली होती मी, तिचे काठ दुमडून देत होते, तर शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत बसल्यावर काय काय करायचं असतं गं?"

"म्हणजे?"

"टाळ्या कधी वाजवायच्या?"

मला हसूच फुटलं. इतकी वर्षं त्या वास्तूत, आणि बाई कधी खुर्चीत बसलेली नाही! म्हटलं, "सगळे वाजवतील तेव्हा वाजव."

"आणि खोकला आला तर?"

"गिळ."

तीसुद्धा हसली. भाऊजी गेल्यापासून तिला मी एवढं हसताना बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. दालनात जुने फोटो लावले होते, टेबलांवर पांढऱ्या चादरी, कपबशांच्या उतरंडी, कार्यक्रमानंतरच्या चहासाठी. ताईच्या जागी आता एक उंच गृहस्थ होता, छातीवर बिल्ला, कानात काहीतरी खुपसलेलं. त्याने आदराने नमस्कार केला. ताई आत जाता जाता थबकली आणि आतल्या दाराच्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"जाड रंग दिलाय," ती म्हणाली. "कडी बसायची नाही."

"तू आज पाहुणी आहेस," मी तिला पुढे ढकललं. "चल."

तिसऱ्या रांगेत कडेला ताई, मधे मी, माझ्या पलीकडे भाऊजींची खुर्ची. मी सवयीने तिच्यावर पर्स ठेवली तर ताईने डोळे वटारले. "त्यांच्या खुर्चीवर काय ठेवतेस?" मी निमूट पर्स मांडीवर घेतली. ताई पाठ न टेकता बसली होती. छताकडे बघत म्हणाली, "अगंबाई, केवढं आहे हे!"

भाषणं सुरू झाली. ती किती लांबतात ते मी काय सांगावं, अध्यक्षांना एकदा माईक मिळाला की तो काढून घ्यायला माणूस ठेवावा लागेल. सभागृहाचा इतिहास झाला, आवाज कसा घुमतो ते झालं, आणि मग ते हसत हसत म्हणाले, "पण या वास्तूची खरी शान म्हणजे इथली शिस्त. आमच्या कडीबाई! मंडळी, यांनी एकदा स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा बाहेर उभं केलं होतं, तेसुद्धा मुलगी वाजवत असताना! कुठे आहेत त्या? उभ्या राहा, उभ्या राहा."

अख्खं सभागृह हसलं. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाची जीभ हासडावी असं वाटलं मला. ताई गडबडून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवत असताना काय करायचं ते मी तिला शिकवलं नव्हतं. ती कसनुसं हसली, मान तुकवली आणि बसली.

"चिमीने ऐकलं असेल का गं?" तिने माझ्या कानात विचारलं.

"छे! ती मागे लांब खोलीत असेल," मी म्हटलं. पण मंचाच्या कडेला पडद्यामागे मला काळे कपडे दिसले होते.

मग चिमीचं नाव पुकारलं. तेवढ्यात त्या बिल्लेवाल्याला कुणीतरी खूण केली आणि तो सत्काराचे गुच्छ घेऊन बाजूच्या वाटेने मंचामागे निघून गेला. हे मी बघितलं, पण त्यात काही बिघडतंय हे माझ्या डोक्यात आलं नाही. ताईच्या आलं असणार. तिने मान वळवली होती.

चिमी आली. तेच काळे कपडे, केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर बापाची ठेवण. ती मंचाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने थेट तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आधी रिकामी खुर्ची, मग मी, मग आई. आईवर तिची नजर थांबली. ती हसली नाही, पण तिने मान हलवली. हो म्हणून. ताईने माझा हात एवढ्या जोरात दाबला की अंगठी रुतली. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

चिमीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, डोळे मिटले, हात उचलला. सगळं शांत. आणि त्या शांततेत मागे खुट्ट झालं. आतलं दार आपल्या आपण वीतभर उघडलं. बाहेरचंही उघडंच असणार, कारण दालनातल्या कपबशांचा किणकिणाट सरळ आत आला, कुणाचं तरी खो खो हसणं आलं, आणि मधल्या वाटेवर उजेडाचा लांब पट्टा पडला. चिमीचा हात हवेतच थांबला. तिने डोळे उघडले नाहीत. थांबून राहिली.

शेवटच्या रांगेत चांगले धट्टेकट्टे लोक बसले होते. एकजण उठेल तर शपथ! सगळे माना वळवून दाराकडे बघतायत, जणू ते बघण्याने लागणार आहे. आणि मी तरी कुठे उठले? मी ताईला धरण्यात गुंतले होते. ती उठायला लागली तशी मी तिचा दंड पकडला.

"बस खाली. ताई, बस, तुला माझी शपथ आहे."

"आले गं लगेच," ती कुजबुजली. "तिचं बिघडेल."

मी शाल पकडली. शाल माझ्या हातात राहिली आणि ती गेली. त्या वाटेवरून ती अशी गेली की पाऊल वाजलं नाही. ती मधल्या जागेत शिरली, दार तिच्यामागे मिटलं. उजेड गेला, कपबशा गेल्या. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि चिमीने पहिला सूर लावला.

मी देवाचा धावा करत होते की आता ही येईल, खुर्चीत बसेल, चिमीचे डोळे उघडायच्या आत येईल. ती आली नाही. फार हळू, फार दुःखी असं काहीतरी वाजत होतं, आणि ते वाजता वाजता चिमीने डोळे उघडले. तिची नजर तिसऱ्या रांगेवर आली. मी एकटी बसलेली, मांडीवर शाल, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मी खुळ्यासारखं बोटाने मागे दाराकडे दाखवलं. तिने नजर काढून घेतली. पुढचं ती कुणाकडेच न बघता वाजवत राहिली. भाऊजींच्या खुर्चीपलीकडच्या बाई डोळे पुसत होत्या. माझ्या कानात काही शिरत नव्हतं, मी सारखी मागे वळून दाराकडे बघत होते.

संपलं. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मी माणसं ढकलत दाराशी गेले आणि ढोसलं, तर उघडेना. पलीकडून कुणीतरी रेटून धरलं होतं.

"ताई! अगं मी आहे. सोड. संपलं."

दार सैल झालं. त्या काळोख्या जागेत ती दाराला पाठ लावून, पाय रोवून उभी होती. घामाने कपाळावरचे केस चिकटलेले. बाहेरचं दार तिने एका हाताने ओढून धरलं होतं, आतलं पाठीने.

"टाळ्या ऐकल्या मी," ती म्हणाली. "उभे राहिले का गं लोक?"

"राहिले. तू परत का नाही आलीस?"

"येणारच होते. कडी बसेना. सोडलं की उघडायचं. आणि तेवढ्यात पहिला सूर लागला." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पुढचं काही सांगायची गरजच नाही. "मग आत कशी येणार?"

माझ्या तोंडात एवढ्या शिव्या आल्या होत्या की विचारू नका. एकही बाहेर पडली नाही. तिच्या अंगावर शाल घातली, तिला दालनातल्या बाकावर बसवलं आणि मागे चिमीकडे धावले.

चिमी व्हायोलिन पेटीत ठेवत होती. मी धापा टाकत सुरू केलं, "चिमे, अगं दार उघडलं होतं, तो माणूस जागेवर नव्हता, कडी बसत नव्हती, म्हणून ती बिचारी..."

"माहितेय मावशी. मला ऐकू आलं."

"तुझंच बिघडू नये म्हणून गं!"

तिने पेटीची खिट्टी लावली. "बिघडू दिलं असतं तर चाललं असतं मला," ती म्हणाली. "कपबशांच्या आवाजात वाजवलं असतं मी. लोक हसत असते तरी वाजवलं असतं. मला ती खुर्चीत हवी होती." आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं वाटलं असतं मला. "तिला सांग..." म्हणाली, आणि थांबली. "नको. काही नको सांगूस."

तिने मला मिठी मारली. भाऊजी मारायचे तशीच, घट्ट आणि पटकन. मग पेटी खांद्याला अडकवून ती मागच्या दाराने निघून गेली. बाहेर टॅक्सी उभीच होती. म्हणजे तिने दोन्हीची तयारी ठेवली होती.

मी दालनात परत आले. चहाची झुंबड उडाली होती. ताई बाकावर नव्हती, एका जुन्या फोटोसमोर उभी होती. केस नीट केलेले, शाल सारखी केलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"काय म्हणाली? येतेय ना? की मंडळींनी अडवलंय तिला?"

"तिला तातडीने परत जावं लागलं गं. उद्या सकाळीच तिकडे कार्यक्रम आहे. पुढच्या वेळी नक्की येते म्हणाली."

"हो का," ती म्हणाली. खांदा चोळायला लागली. "गादी उन्हात घातली होती मी." मग पुन्हा, "वाजवण्याचं काही म्हणाली?"

मला खरं सांगता आलं असतं. तोंडावर आणलंही होतं. पण तिचा तो घामेजलेला, वाट बघणारा चेहरा! मी म्हणाले, "म्हणाली, एवढी शांतता कुठल्याच सभागृहात मिळत नाही."

मोठ्या सरांनी हात मिळवला त्या दिवशी ती जशी घरी आली होती ना, तशी दिसायला लागली.

"मिळणारच," ती म्हणाली. "धरून ठेवलं होतं ना मी."

आम्ही पायऱ्या उतरलो. रस्त्यावर आल्यावर ती थांबली. मग माझा हात धरून, मोठी समजूत पटल्यासारखी म्हणाली, "पुढच्या वेळी चिमी येईल ना, तेव्हा मला खुर्ची नको गं. या नव्या लोकांचा काही भरवसा नाही. मी आपली दारातच उभी राहीन."

"बरं," मी म्हटलं.